तळघराच्या काँक्रीट भिंतीतील गळती : शोध आणि दुरुस्ती

तळघराच्या भिंतीवर ओल दिसली की पुष्कळ जण सर्वप्रथम जलरोधक रंगाचा डबा आणतात. रंग दिल्यावर भिंत काही काळ कोरडी दिसते, मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि ओल होती तिथेच पुन्हा उमटते. यात रंगाचा दोष फारसा नसतो. भिंतीच्या पलीकडे मातीत साचलेले पाणी भिंतीवर सतत दाब देत असते आणि आतल्या बाजूने दिलेला पातळ थर त्या दाबापुढे भिंतीला धरून राहू शकत नाही. एक मीटर उंचीचे पाणी आपल्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब देते. जमीन पूर्ण भिजून पाणी तळघराच्या फरशीपासून अडीच मीटर उंचीपर्यंत चढले, तर भिंतीच्या पायथ्याशी हा दाब दर चौरस मीटरला अडीच टनांच्या आसपास जातो. म्हणून या दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा, असे माझे ठाम मत आहे : आधी पाणी कुठून येते ते शोधावे, मग भिंतीपर्यंत पोहोचणारे पाणी शक्य तितके कमी करावे आणि त्यानंतरच भेगेला हात घालावा. हा क्रम उलटा केला, तर उत्तम साहित्य वापरूनही पाणी शेजारच्या कमकुवत जागेतून वाट काढते.

पुढील विवेचन जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीपुरते आहे. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत पाणी एका ब्लॉकमधून शिरून आतल्या पोकळ्यांतून कुठेही उतरू शकते, त्यामुळे तिची दुरुस्ती वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

ओल नेमकी कुठली

भिंतीवरची प्रत्येक ओल ही गळती नसते. तळघराच्या भिंती मातीला टेकलेल्या असल्यामुळे थंड राहतात, आणि बाहेरची दमट, उबदार हवा आत आली की तिच्यातील बाष्प या थंड पृष्ठभागावर थेंबांच्या रूपाने जमते. हे ओळखण्याची साधी चाचणी अशी : ओल असलेल्या भागाजवळ भिंतीचा तुकडा पुसून कोरडा करावा, त्यावर साधारण ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि २४ ते ४८ तासांनी पाहावे. थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडील बाजूवर असतील, तर ती हवेतील आर्द्रता आहे. भिंतीकडील बाजू ओली झाली असेल, तर पाणी भिंतीतून येत आहे. दोन्ही बाजू ओल्या असतील तर दोन्ही कारणे आहेत, आणि अशी तळघरे कमी नसतात. केवळ आर्द्रतेचा प्रश्न असेल तर भेग बुजवण्याचा काही उपयोग नाही; तिथे हवेतील ओलावा शोषणारे यंत्र लावावे किंवा भिंतीला उष्णतारोधक थर द्यावा. दमट दिवसांत खिडक्या उघड्या ठेवल्याने हा त्रास कमी न होता वाढतो, हेही लक्षात ठेवावे.

त्यानंतर घरातील नळजोडणीवरचा संशय दूर करावा. रात्री सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरील आकडा टिपून ठेवावा आणि सकाळी कोणी पाणी वापरण्याआधी तो पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला असेल, तर एखादा दाबाचा पाइप गळत आहे. सांडपाण्याचा पाइप मात्र मीटरवर कळत नाही. तिथे दुर्गंधी आणि पावसाशी संबंध नसलेली ओल हीच खूण मानावी लागते.

यापुढचा सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे वेळ. पाऊस कधी सुरू झाला, ओल कधी दिसली, किती टिकली आणि भिंतीवर कुठे होती याची साधी नोंद ठेवावी. पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पाणी दिसले आणि पाऊस थांबल्यावर ते लवकर ओसरले, तर ते बहुधा छतावरचे किंवा अंगणातले पाणी असून भिंतीलगतच मुरत आहे. ओल एक-दोन दिवसांनी दिसून बराच काळ टिकत असेल, विशेषतः भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून येत असेल, तर भूजलाची पातळी वर चढली आहे. पहिल्या प्रकारात बाहेरची किरकोळ वाटणारी कामे पुष्कळदा पुरेशी ठरतात. दुसऱ्या प्रकारात पाण्याला वाट करून दिल्याशिवाय गत्यंतर नसते.

कोरड्या दिवसांत ही चाचणी मुद्दाम करताही येते. बाहेर भिंतीलगतच्या जमिनीवर एका जागी नळीने मंद पाणी सोडावे, आत एकाने लक्ष ठेवावे आणि तासाभरात काही दिसले नाही तर नळी पुढच्या भागात सरकवावी. सुरुवात उताराच्या खालच्या बाजूने करावी, म्हणजे एका भागातले पाणी वाहत जाऊन दुसऱ्या भागाच्या चाचणीत घोटाळा करणार नाही. पावसाळी पाइपांपैकी कोणता दोषी आहे हे कळत नसेल, तर त्यात पाण्यात विरघळणारा, निर्धोक चाचणी-रंग टाकावा. आत रंगीत पाणी दिसले की शंकेला जागा राहत नाही.

भेगेचे निरीक्षण

ओतलेल्या काँक्रीटमध्ये भेगा पडणे ही असाधारण घटना नाही. काँक्रीट सुकताना आकसते, पण पाया आणि कोपरे त्याला मोकळेपणाने आकसू देत नाहीत, आणि त्या ताणातून उभ्या, बारीक भेगा पडतात. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघणाऱ्या भेगांमागेही पुष्कळदा हेच कारण असते. अशी भेग ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल, तर ती आपोआपही मिटू शकते, कारण झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात भेगेत साचतो. भिंतीवर दिसणारा पांढरा लोणाही बहुधा याच क्रियेचा भाग असतो. तो स्वतः घातक नाही, परंतु पाणी कुठून कुठे वाहिले याचा नकाशा तो काढून ठेवतो, म्हणून खरवडण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे.

भेगांखेरीज पाण्याच्या आणखी काही ठरलेल्या वाटा असतात. साच्याच्या दोन फळ्या धरून ठेवणाऱ्या सळ्यांची गोल भोके ठरावीक अंतरावर, एका रांगेत गळताना दिसतात. काँक्रीटचा एक थर घट्ट झाल्यानंतर दुसरा ओतला गेला असेल, तर दोहोंमध्ये वाकडीतिकडी आडवी रेषा राहते. याला थंड सांधा म्हणतात. ओतताना काँक्रीट नीट दाबले गेले नसेल, तर खडी उघडी पडलेली, पोकळ्यांनी भरलेली जागा तयार होते. पाइप किंवा केबल भिंतीतून जाते तिथली भोवतालची फट, तसेच पाया आणि भिंत यांचा सांधा, या जागाही नेहमी तपासाव्यात.

आता ज्या भेगांना घरच्या घरी हात लावू नये त्यांविषयी. भिंतीच्या साधारण मध्यउंचीवर लांबवर गेलेली आडवी भेग म्हणजे बाहेरची माती भिंतीला आत ढकलत असल्याचे लक्षण आहे. भेगेची एक कड दुसरीपेक्षा पुढे आली असेल, भेग एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद होत गेली असेल, रुंदी ५ मिलिमीटरहून अधिक असेल, ओळंबा लावल्यावर भिंतीला फुगवटा दिसत असेल किंवा भेगेतून गंजाचे तांबूस ओघळ येत असतील, तर संरचना अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. गंजाचा मुद्दा विशेष गंभीर आहे. लोखंड गंजले की त्याचे आकारमान मूळच्या कित्येक पट होते आणि ते भोवतालचे काँक्रीट आतून फोडत जाते. अशा ठिकाणी वरून भेग बुजवणे म्हणजे रोग झाकून ठेवणे होय.

भेग अजून हलते आहे की थांबली आहे, हेही कळायला हवे. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडव्या खुणा करून तारीख लिहावी, मधल्या दोन-तीन जागी रुंदी मोजून भिंतीवरच टिपावी, आणि शक्य असल्यास एका ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी भेगेवर आडवी लावावी. पट्टी तडकली की हालचाल सुरू आहे. ऋतूनुसार भेग थोडी उघडते आणि मिटते, त्यामुळे आठवडाभराच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये.

आधी बाहेरचे पाणी

घराच्या छतावर पडणारे पाणी किती असते याचा अंदाज सहसा कोणी घेत नाही. १०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तरी २,५०० लिटर पाणी जमा होते, आणि पावसाळी पाइप भिंतीच्या पायथ्याशी संपत असेल तर ते सगळे नेमके तळघराच्या भिंतीलगतच्या मातीत उतरते. म्हणून पन्हळी साफ कराव्यात, त्यांचे सांधे पाहावेत आणि पाइपांची तोंडे भिंतीपासून किमान दीड-दोन मीटर दूर न्यावीत. जमिनीचा उतार भिंतीपासून बाहेर असावा : पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार हे चांगले प्रमाण आहे. घर बांधताना भिंतीलगत टाकलेला भराव वर्षानुवर्षे खाली बसत जातो आणि तिथे खोलगट पट्टा तयार होतो. तो चिकणमातीने भरून दाबावा, रेतीने भरू नये, कारण रेतीतून पाणी सरळ खाली जाते. भिंतीलगतच्या फरसबंदीच्या फटी बुजवाव्यात, आणि रोज पाणी घालावे लागणारे फुलझाडांचे वाफे तिथून हलवावेत.

ही कामे झाल्यावर एक-दोन जोरदार पाऊस होऊ द्यावेत. अनेक तळघरांमध्ये गळती इथेच थांबते किंवा इतकी कमी होते की उरलेले काम सोपे जाते. वाट पाहण्याचा कंटाळा येतो हे खरे आहे, पण या टप्प्यावर घाई केली तर नंतर कोणत्या उपायाने गुण आला हे कधीच कळत नाही.

कामाला लागण्यापूर्वी

तळघरात पाणी साचले असेल तर विजेचा पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्यात पाय घालू नये, आणि मुख्य स्विचपर्यंत जाण्यासाठी पाण्यातून जावे लागत असेल तर वीजतंत्रज्ञाला बोलवावे. पुरामुळे तळघर भरले असल्यास सगळे पाणी एकदम उपसू नये. बाहेरची माती पाण्याने भरलेली असताना आतला प्रतिदाब अचानक नाहीसा झाला तर भिंत आत कोसळू शकते किंवा फरशी उचलली जाऊ शकते. बाहेरचे पाणी ओसरू लागल्यावर दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढावे आणि पातळी पुन्हा चढते का ते पाहावे. काँक्रीट कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते, त्यामुळे साधा रुमाल न बांधता धूळ गाळणारा योग्य मुखवटा वापरावा आणि शक्य तिथे पाणी मारत कापावे. सिमेंटने त्वचा भाजते. हातमोजे आणि चष्मा प्रत्येक टप्प्यावर हवेतच.

वाहती धार थांबवणे

भेगेतून पाणी प्रत्यक्ष वाहत असेल, तर झटपट घट्ट होणारे जलरोधक सिमेंट वापरतात. बाजारात ते वॉटर प्लग या नावाने मिळते. ते साधारण तीन ते पाच मिनिटांत घट्ट होते आणि घट्ट होताना किंचित फुगते, त्यामुळे खाच गच्च भरली जाते. त्याचे यश मात्र खाचेच्या आकारावर अवलंबून असते. छिन्नी-हातोडीने किंवा ग्राइंडरने भेगेच्या मार्गावर साधारण २० ते २५ मिलिमीटर रुंद आणि तितकीच किंवा थोडी अधिक खोल खाच कापावी, तिच्या बाजू सरळ ठेवाव्यात आणि जमल्यास आतली बाजू तोंडापेक्षा थोडी रुंद ठेवावी. व्ही आकाराच्या खाचेत भरलेले सिमेंट पाण्याच्या दाबाने सहज बाहेर ढकलले जाते. खाचेतली धूळ आणि सुटे कण ब्रश व पाण्याने पूर्ण काढावेत.

मिश्रण एका वेळी मूठभरच कालवावे. हातमोजा घातलेल्या हातात त्याचा गोळा धरून तो किंचित गरम लागू लागला आणि घट्टपणा येऊ लागला की खाचेत जोराने दाबावा आणि घट्ट होईपर्यंत हात काढू नये. फार लवकर लावलेले मिश्रण पाण्याबरोबर वाहून जाते, तर फार उशिरा लावलेले भिंतीला धरत नाही. हा अंदाज पहिल्या एक-दोन गोळ्यांनंतर येतो. उभ्या भेगेत वरून सुरुवात करून खाली यावे आणि सर्वांत जोराची धार शेवटी बंद करावी. धार फारच जोराची असेल, तर तिथे प्लॅस्टिकची छोटी नळी बसवून सगळे पाणी तिच्यातून बाहेर येऊ द्यावे, भोवतालचा भाग बंद करून पक्का होऊ द्यावा आणि मग नळी काढून ते एकच भोक बुजवावे. दाबाला तात्पुरती वाट देऊन उरलेले काम शांतपणे करण्याची ही युक्ती पुढच्या सर्वच पद्धतींत उपयोगी पडते.

तरीही या सिमेंटला मी कायमचा उपाय म्हणणार नाही. ते भिंतीच्या आतल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच बसते आणि उरलेल्या जाडीत भेग पाण्याने भरलेलीच राहते. शिवाय ते ताठर असते, त्यामुळे भेग थोडी जरी हलली तरी कडेने पुन्हा पाझर सुरू होतो.

भेगेत राळ भरणे

भेग भिंतीच्या पूर्ण जाडीत भरायची असेल, तर दाबाने राळ सोडणे हाच खात्रीचा मार्ग आहे. यासाठी मुख्यतः एपॉक्सी आणि पॉलियुरेथेन अशा दोन राळी वापरल्या जातात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. एपॉक्सी काँक्रीटला इतकी घट्ट धरते की जोडलेली भेग मूळ काँक्रीटपेक्षा मजबूत होते, परंतु ती लवचीक नसते आणि ओल्या भेगेत तिची पकड कमी पडते. भेग कोरडी असेल, हालचाल थांबलेली असेल आणि भिंतीची ताकद परत मिळवायची असेल तेव्हा एपॉक्सी निवडावी. हालचाल सुरू असलेल्या भेगेत एपॉक्सी भरली, तर बाजूलाच नवी भेग पडते. पॉलियुरेथेन पाण्याच्या संपर्कात येऊन फेसाळते, फुगून सगळ्या पोकळ्या भरते आणि काहीसे लवचीक राहते, म्हणून ओल्या किंवा वाहत्या भेगेसाठी तेच योग्य. त्यातही पाणी शोषून फुगणारा एक प्रकार असतो. वर्षाचा काही काळ भिंत कोरडी पडत असेल तर तो सुकून आकसतो, त्यामुळे अशा भिंतीत पाणी न शोषणारा प्रकार घ्यावा.

पॉलियुरेथेनसाठी भोके भेगेवर न पाडता तिच्या बाजूने ४५ अंशांच्या कोनात पाडतात, जेणेकरून ती भिंतीच्या साधारण मध्यावर भेगेला जाऊन मिळतील. हिशेब सोपा आहे : भिंत २० सेंटिमीटर जाड असेल तर भोक भेगेपासून १० सेंटिमीटर अंतरावर सुरू करावे, ते १० सेंटिमीटर खोलीवर भेग गाठते. तिरप्या मार्गाने ही लांबी १४ सेंटिमीटर होते, म्हणून ड्रिल १५-१६ सेंटिमीटरपर्यंत जाऊ द्यावे. भोके एक डावीकडे, एक उजवीकडे अशी आलटून पालटून पाडावीत, म्हणजे भेग आत एका बाजूला झुकलेली असली तरी निदान निम्मी भोके तिला नक्की छेदतील. उभे अंतर बारीक भेगेसाठी १५ सेंटिमीटर, रुंद भेगेसाठी ३० सेंटिमीटरपर्यंत ठेवावे. भिंतीतील सळ्या कुठे आहेत हे शोधक यंत्राने आधी पाहून घ्यावे.

प्रत्येक भोक धुऊन त्यात पॅकर बसवावा. पॅकर म्हणजे रबरी बाही आणि एकमार्गी झडप असलेली छोटी धातूची नळी. पाना फिरवला की रबर फुगून भोकात घट्ट बसते. सर्व पॅकर बसल्यावर आधी त्यांतून साधे पाणी सोडावे. या टप्प्याचा कंटाळा करू नये, कारण त्यातून तीन गोष्टी साधतात : भेगेतला गाळ निघतो, भोक खरोखर भेगेला मिळाले आहे की नाही ते कळते, आणि राळेला फेसाळण्यासाठी लागणारी ओल आत पोहोचते. ज्या पॅकरमधून सोडलेले पाणी भेगेतून बाहेर येत नाही, तो भेगेला मिळालेला नाही. तिथे नवे भोक पाडावे.

राळ सर्वांत खालच्या पॅकरपासून, कमी दाबाने सोडायला सुरुवात करावी. दाब हळूहळू वाढवावा. एकदम वाढवला तर भिंतीचा पापुद्रा उडू शकतो. सुरुवातीला भेगेतून पाणी येईल, मग फेस मिसळलेले पाणी आणि शेवटी निव्वळ राळ. वरच्या पॅकरपर्यंत राळ पोहोचल्याचे दिसले की खालचा सोडून वरच्यावर जावे. भेग रुंद असेल आणि राळ भराभर बाहेर वाहत असेल, तर क्षणभर थांबावे, तिला फेसाळून घट्ट होऊ द्यावे आणि पुन्हा सुरू करावे, किंवा भेगेचा पृष्ठभाग आधीच वॉटर प्लगने बंद करून घ्यावा. वरच्या टोकापर्यंत पोहोचल्यावर राळ पूर्ण घट्ट होण्याआधी सर्व पॅकरांवरून आणखी एक फेरी करावी. पहिल्या फेरीत राहिलेल्या पोकळ्या या दुसऱ्या फेरीत भरतात आणि माझ्या मते चांगले आणि वरवरचे काम यांतला फरक बहुतेक वेळा इथेच पडतो. थंडीत राळेची क्रिया मंदावते, म्हणून उत्प्रेरकाचे प्रमाण उत्पादकाच्या तक्त्यानुसारच ठरवावे. पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक असल्याने हवा खेळती ठेवणे आणि योग्य मुखवटा वापरणे अनिवार्य आहे. दुसऱ्या दिवशी पॅकर काढून भोके न आकसणाऱ्या मसाल्याने बुजवावीत.

एपॉक्सीची पद्धत यापेक्षा सौम्य आहे. भेगेवरच, भिंतीच्या जाडीइतक्या अंतरावर पृष्ठभागाला चिकटणारी तोंडे बसवतात, मधली भेग एपॉक्सीच्या लगद्याने बंद करतात आणि तो घट्ट झाल्यावर खालून वर अत्यंत कमी दाबाने राळ सोडतात. इथे घाईपेक्षा संथपणा उपयोगी पडतो. बारीक भेगेत दाट राळ शिरायला वेळ लागतो.

इतर जागा

साच्याच्या सळ्यांची भोके गळत असतील, तर ती २५ मिलिमीटरपर्यंत खोल कोरून वॉटर प्लगने भरणे बहुधा पुरते. पाइपभोवतीची फट मात्र ताठर सिमेंटने भरू नये, कारण पाइप तापमानानुसार हलतो. आतल्या भागात पॉलियुरेथेन सोडून तोंडाशी लवचीक सीलंट द्यावे. पोकळ्यांनी भरलेल्या जागी टकटक वाजवून ठिसूळ भाग शोधावा, तो घट्ट काँक्रीट लागेपर्यंत पूर्ण काढावा, आणि सळी उघडी पडली तर तिच्या मागेही दोन-तीन सेंटिमीटर खोदून गंज घासून काढावा. त्यानंतर पृष्ठभाग ओला करून पॉलिमरयुक्त दुरुस्ती मसाला थराथराने दाबून भरावा आणि काही दिवस ओला ठेवावा.

भेग दिसत नाही पण संपूर्ण भिंत ओलसर राहते, अशा वेळी स्फटिक तयार करणारा सिमेंटी लेप उपयोगी पडतो. त्यातील रसायने ओलाव्यातून काँक्रीटच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतात आणि तिथल्या मुक्त चुन्याशी क्रिया करून न विरघळणारे स्फटिक बनवतात, त्यामुळे आतून लावूनही हा लेप पाण्याच्या दाबाने सुटून येत नाही. अट अशी की काँक्रीट उघडे असावे. जुना रंग, लोणा, तेलकट डाग आणि गिलावा पूर्ण काढून, भिंत पाण्याने तृप्त करून, पृष्ठभागावर पाणी चमकत नसताना ब्रशने दोन हात द्यावेत आणि नंतर दोन-तीन दिवस हलके पाणी फवारत राहावे. हलणाऱ्या भेगांवर हा लेप चालत नाही.

बाहेरून खोदकाम आणि निचरा

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत उत्तम दुरुस्ती पाणी येते त्या बाजूने, म्हणजे बाहेरून होते, कारण तिथे पाण्याचा दाब जलरोधक थराला भिंतीवर अधिकच दाबून धरतो. पण ती सर्वांत कष्टाची आणि धोक्याची आहे. एक घनमीटर माती दीड ते दोन टन वजनाची असते आणि उभ्या चराची बाजू कोणतीही सूचना न देता ढासळू शकते. सव्वा मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय कोणीही उतरू नये, काढलेली माती कडेपासून किमान ६० सेंटिमीटर दूर टाकावी आणि पायाच्या तळाखाली कधीही खोदू नये. हे काम अनुभवी कंत्राटदाराकडून करून घेणे शहाणपणाचे.

भिंत उघडी पडल्यावर ती घासून धुवावी, भेगा व खड्डे भरावेत, भिंत आणि पाया मिळतात तिथे मसाल्याची गोलाई द्यावी, आणि कोरड्या भिंतीवर प्रायमर लावून बिटुमेनचे दोन थर किंवा चिकटणारे जलरोधक पटल बसवावे. भरावातील दगडांनी ते फाटू नये म्हणून वर उंचवटे असलेला प्लॅस्टिकचा पत्रा लावतात. त्याच्यामागे राहिलेल्या पोकळीतून पाणी सरळ खाली उतरते. पायाच्या पातळीला १०० मिलिमीटर व्यासाचा छिद्रांचा पाइप छिद्रे खाली करून, किमान १०० ला १ उतार देऊन ठेवावा, भोवती धुतलेली खडी घालावी आणि सगळे गाळणकापडात गुंडाळावे, नाहीतर बारीक माती काही वर्षांत पाइप बुजवते. पाइपचे दुसरे टोक खालच्या उघड्या जागेत किंवा उपसा-खड्ड्यात निघाले पाहिजे. भराव १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी, हलक्या ठोकणीने दाबत भरावा. भिंतीलगत जड यंत्र आणू नये.

शेजारच्या बांधकामामुळे खोदणे शक्य नसेल किंवा भूजल सतत वर येत असेल, तर आतून निचरा करावा. भिंतीच्या कडेने फरशीची पट्टी कापून खडीत छिद्रांचा पाइप बसवतात आणि पाणी एका खड्ड्यात आणून पंपाने बाहेर सोडतात. यात भिंत ओलीच राहते, पण पाण्याचा दाब साचत नाही आणि तळघर वापरण्याजोगे होते. पंपाच्या नळीवर एकमार्गी झडप असावी आणि वीज गेली तरी पंप चालेल अशी बॅटरीची सोय असावी, कारण मोठ्या वादळी पावसातच वीज जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

दुरुस्ती झाल्यावर भिंतीला लगेच गिलावा, रंग किंवा लाकडी आच्छादन देऊ नये. किमान एक पूर्ण पावसाळी हंगाम भिंत उघडी ठेवावी, दुरुस्त केलेल्या प्रत्येक जागेच्या दोन्ही टोकांवर आणि भिंत-फरशीच्या सांध्यावर विशेष लक्ष ठेवावे, आणि पूर्वीच्याच वहीत नोंदी सुरू ठेवाव्यात. भेगेचे वरचे टोक पुन्हा ओलावले तर तिथेच दोन नवे पॅकर बसवून राळ सोडता येते. आच्छादन चढवलेले असेल, तर तेवढ्याच कामासाठी ते सगळे उतरवावे लागते.